कुलपाचं घड्याळ

प्रेमलताबाईंचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मानकापूरच्या आमच्या गल्लीत त्या राहायला आल्या त्याला आता तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत त्या भिंतीवरून वाटीभर साखरेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं इकडून तिकडे गेलेलं आहे. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी बाई. पलीकडे त्या आणि त्यांचे मिस्टर गणपतराव. एकुलता एक मुलगा अंकित नोकरीनिमित्त पुण्याला. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं प्रेमलताबाईंनीच मला सांगितलं. थोडं असं आहे की त्यात माझाही हात आहे. तेवढं गाळायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले.

त्यांचं माहेर रामटेकचं, वडिलांची धानाची शेती. मॅट्रिक झाल्यावर त्या नागपूरला मामाकडे आल्या आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत, डिजिटल घड्याळं जोडणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागल्या. साल १९८३. तेव्हा या घड्याळांचं इतकं वेड होतं की नवरदेव मांडवात बाही वर सरकवून बसायचे. सुटे भाग हाँगकाँगहून यायचे आणि इथे अठरा मुली ते जोडायच्या. धूळ चालत नाही म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नव्हती. हातात बांगड्या घालायच्या नाहीत, केसांना तेल लावायचं नाही. संध्याकाळी सुटताना गेटवर एक बाई झडती घ्यायची, कारण एका मुठीत दहा घड्याळांचे जीव, म्हणजे आतल्या चिपा, मावत.

"पण ताई, त्या खोलीत मी जेवढी हसली तेवढी कुठंच नाही हसली," त्या म्हणायच्या.

तिथले सुपरवायझर रविंद्र साहेब हौशी माणूस. त्यांच्या टेबलाच्या खणात एक जुनं जाडजूड घड्याळ होतं. नवीन मुलगी आली की ते काढून दाखवायचे. त्याची काच नुसती काळी. बाजूचं बटण दाबलं की आत लाल आकडे पेटायचे, बोट उचललं की विझायचे. सतत पेटते ठेवले तर सेल एवढा खायचे की दोन दिवसांत संपला असता. "सुरुवातीची अशी होती," साहेब सांगायचे. "पहिलं निघालं तेव्हा अमेरिकेत मोटारीच्या किमतीत विकत होते. दुसरा हात रिकामा ठेवून त्यानं बटण दाबा, मग वेळ बघा. श्रीमंतांचं खेळणं." मग काळ्या आकड्यांची काच आली, जी सेल जवळजवळ खातच नाही. किंमत कोसळली आणि दहा-बारा वर्षांत ते श्रीमंतांचं खेळणं रामटेकच्या मुलीच्या कामाच्या ताटलीत येऊन पडलं.

प्रेमलताबाईंकडे शेवटची तपासणी होती. घड्याळ जोडून झालं की दोन बटणं एकदम दाबायची. मग काचेवर सगळीकडे आठ उमटायचे, ८८:८८. आठाच्या आकड्यात सात काड्या असतात. सातही दिसल्या तर घड्याळ पास. एक दिसली नाही तर आठाचा सहा होतो, नाहीतर नऊ, नाहीतर शून्य. "आन् मग माणूस गाडी गेल्यावर टेसनावर पोचते," त्या म्हणत. काडी गायब असली तर बहुतेक वेळा दोष काचेखालच्या रबरी पट्टीचा असायचा. ती पट्टी काढून, साफ करून, पुन्हा बसवली की काडी परत यायची. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

१९८६ मध्ये लग्न झालं. गणपतराव कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर, तीन पाळ्यांची ड्युटी, राहायला स्टाफ कॉलनी. लग्नानंतरही प्रेमलताबाई दोन बस बदलून हिंगण्याला जात राहिल्या. पण तीन वर्षांत कारखान्याचाच दम संपला. सीताबर्डीच्या फुटपाथवर प्लास्टिकची तयार घड्याळं टोपलीतून विकायला आली होती आणि ती इथल्या सुट्या भागांपेक्षाही स्वस्त पडत होती. रविंद्र साहेब बंगलोरला एका मोठ्या कंपनीत गेले. तिथे नवीन मुलींना शिकवायला त्यांना प्रेमलताबाई हव्या होत्या, सहा महिन्यांसाठी. राहायची सोय होती.

गणपतराव म्हणाले, "जा न. मी काय अडवून राहिलो का तुले? माह्या डब्याचं मी पाहून घेईन."

तेव्हा अंकित पोटात होता. त्या गेल्या नाहीत. ही हकिकत त्यांनी मला कुणावर राग न धरता सांगितली, पण तेरा वर्षांत तीन वेळा सांगितली.

कॉलनीत त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल मांडलं. गजराला गाणं वाजवणारी घड्याळं, काडीच्या टोकानं दाबावी लागतील अशा बारीक बटणांची कॅल्क्युलेटरवाली घड्याळं, सगळी त्यांच्याकडे यायची. बाजारातले घड्याळजी तेव्हा डिजिटल घड्याळाला हात लावायला तयार नसत. ह्या उघडायच्या. पुढे खिशाखिशात मोबाईल आले, लोक वेळही त्यातच पाहायला लागले आणि टेबलावर कुंड्या आल्या. २०१२ मध्ये गणपतराव निवृत्त झाले आणि हे दोघे आमच्या गल्लीत आले.

गणपतरावांचं विसरणं आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. चष्मा, किल्ल्या, पेन्शनचा कागद, असं आपण सगळेच विसरतो. मग एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण्या क्वार्टरच्या?" डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. त्यात एक विचित्र गोष्ट होती. बाकी सगळं पुसत चाललं होतं, पण सकाळची ड्युटी त्यांच्या अंगात पक्की होती. पाच वाजले की उठायचे, शर्ट खोचायचे आणि म्हणायचे, "डबा दे वं." मग कोराडी रोडवर कोराडीची बस थांबते त्या थांब्याकडे निघायचे.

"कुठं चालले जी? रिटायर झाले तुम्ही," प्रेमलताबाई म्हणायच्या.

"कोण म्हणते?" ते विचारायचे. अगदी खरं विचारायचे.

एकदा नोव्हेंबरात त्या आंघोळीला गेल्या तेवढ्यात ते निघाले. दिवसभर आम्ही शोधत होतो. ते सापडले कळमन्याच्या बाजारात, संत्र्यांच्या ढिगापाशी बसलेले, पायाला फोड. बळीराम नावाच्या एका हमालानं त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं होतं आणि खिशातल्या औषधाच्या चिठ्ठीवरून दवाखान्याला फोन लावला होता. नऊ तास झाले होते.

त्या दिवसापासून गेटला कुलूप लागलं. किल्ली प्रेमलताबाईंच्या कमरेला. गणपतराव गेट धरून उभे राहायचे, हलवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "भाऊ, हे खोलून देता का?" त्यांना बाहेर जाता येत नव्हतं म्हणून प्रेमलताबाईंनाही येत नव्हतं. भाजी मी आणून द्यायची. भाचीचं लग्न झालं, त्या गेल्या नाहीत. नागपंचमी, भुलाबाई, हळदीकुंकू, सगळं भिंतीच्या पलीकडून. असं एक वर्ष गेलं.

मग दिवाळीत अंकित आला आणि येताना घड्याळ घेऊन आला.

काळं, चौकोनी, जरा जाड. त्यात सिमकार्ड होतं. गणपतराव कुठे आहेत ते मोबाईलमधल्या नकाशावर ठिपक्यानं दिसणार. घराभोवती दोनशे मीटरचं वर्तुळ आखलेलं, ठिपका वर्तुळाबाहेर गेला की मोबाईल ओरडणार. गणपतराव ते काढून फेकतील म्हणून पट्ट्याला बारीक कुलूप होतं आणि ते उघडायला सुईएवढी किल्ली. अंकितनं ती किल्ली आईच्या हातात दिली.

प्रेमलताबाईंनी घड्याळ पालथं केलं. त्यांची बोटं मागच्या बाजूला स्क्रू शोधत होती.

"हे उघडते कुठून?"

"उघडत नाही आई. चिकटवलेलं असते. बिघडलं का फेकायचं, दुसरं आणायचं."

"आत पाहताच येत नाही?"

"काहून पाहायचं आहे तुले?" अंकित हसला. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याच्या मनगटावर ते स्वतःच बांधलं. गणपतराव खूश झाले. नवीन घड्याळ मिळालं म्हणून मलाही दाखवून गेले.

गेटचं कुलूप निघालं. पहिला महिना खरंच बरा गेला. गणपतराव गल्लीत फेऱ्या मारायचे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलायचे. प्रेमलताबाई बुधवारच्या बाजारात स्वतः जाऊन आल्या आणि येताना माझ्यासाठी हिरव्या चिंचा घेऊन आल्या. मला वाटलं, झालं एकदाचं.

अडचण अशी की बसचा थांबा वर्तुळाच्या जेमतेम बाहेर होता. रोज सकाळी गणपतराव थांब्यावर जायचे आणि रोज मोबाईल ओरडायचा. प्रेमलताबाईंचा ओरडायचा तसाच पुण्याला अंकितचाही. लगेच त्याचा फोन. "आई, बाबा कुठं आहेत? तू कुठं आहे? सोबत नाही का तू?" मग त्यानं मोबाईलमध्ये आणखी एक सोय चालू केली. घड्याळ आणि आईचा मोबाईल यांच्यात ठरावीक अंतरापेक्षा जास्त अंतर पडलं, तरी त्याला कळणार. आता त्या बाजारात गेल्या की फोन यायचा, "आई, बाबा घरी एकटे आहेत का?" त्या बँकेत गेल्या की फोन. माझ्याकडे भजनाला येऊन बसल्या आणि गणपतराव कोपऱ्यावर गेले की फोन. मुलगा वाईट नव्हता. आवाजात काळजीच असायची. पण प्रत्येक वेळी त्यांना उत्तर द्यावं लागायचं.

एकदा त्या मला म्हणाल्या, "ताई, पहिले गेटची किल्ली माह्या कमरेले होती. आता ते पुण्याले आहे."

त्यानंतरची गोष्ट फेब्रुवारीतली. दुपारचं हलकं ऊन होतं. त्यांच्या अंगणात गणपतराव खुर्चीवर बसले होते, प्रेमलताबाई त्यांची नखं कापत होत्या, मी भिंतीला टेकून उभी होते. आदल्या रात्री गणपतरावांनी त्यांना ओळखलं नव्हतं. घरात परकी बाई शिरली म्हणून हात उगारला होता. प्रेमलताबाईंच्या दंडावर निळा डाग होता. त्या नखं कापता कापता थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वैदेहीताई, कोणाले सांगू नका. कधी कधी वाटते, त्या दिवशी कळमन्याले हे सापडलेच नसते तर." आणि रडायला लागल्या. गणपतरावांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, का ते त्यांनाही माहीत नसेल. मी भिंतीवरून हात लांब करून त्यांचा खांदा धरला.

चार दिवसांनी अंकितचा फोन आला. त्या स्वयंपाकघरात होत्या. मी तिथेच पाटावर मटार सोलत बसले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला.

"आई, तू बाबांबद्दल असं बोलूच कसं शकते?"

"कसं?"

"कळमन्याचं. सापडले नसते तर म्हणे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही. पलीकडे अंकित सांगत होता. त्या घड्याळात ऐकायचीही सोय होती. नंबर लावला की घड्याळ वाजत नाही, नुसतं आजूबाजूचं बोलणं पाठवत राहतं. त्या दुपारी ठिपका बराच वेळ हलला नाही म्हणून तो घाबरला होता आणि पहिल्यांदाच त्यानं ते लावून पाहिलं होतं. पहिल्यांदाच, असं तो दोन वेळा म्हणाला. चार दिवस बोलू की नको, असा विचार करत होता.

प्रेमलताबाईंनी फोन ठेवला. "पोरानं ऐकलं," एवढंच म्हणाल्या, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हलल्या नाहीत. मी उठून गॅस बंद केला.

त्यानंतर त्या घरातलं बोलणंच आटलं. गणपतरावांजवळ त्या फक्त कामाचे शब्द बोलायच्या. जेवा. उठा. औषध घ्या. रागावणं बंद झालं, तसं थट्टा करणंही बंद झालं. पूर्वी त्या त्यांना अंघोळ घालताना जुन्या कॉलनीतल्या लोकांची नावं घेऊन हसवायच्या, तेही थांबलं. मी भिंतीपाशी गेले की त्या ओठांवर बोट ठेवायच्या. रोज दुपारी चार ते पाच या वेळात घड्याळ चार्जिंगला लावावं लागायचं. तेवढा वेळ ते आतल्या खोलीत, दार लावून, वर गोधडी टाकून ठेवायच्या. तो तास आमचा बोलायचा. पाच वाजले की पुन्हा किल्ली, पट्टा, आणि गप्प. मी एकदा म्हटलं, "अंकितला सांगा ना, ऐकणं बंद कर." त्या म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं सांगू? मी काय बोलली ते त्याले माहीत आहे."

असे सात-आठ महिने गेले असतील. त्या स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या चालायच्या.

दसऱ्याच्या आधी रामटेकहून निरोप आला. त्यांची मोठी बहीण चंद्रकला घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं पण अंथरूण सुटत नव्हतं. चौऱ्याहत्तरचं वय. रोज फोन करायची, "एकदा ये वं प्रेमा. मग काय मले पाहाले येशील?"

अंकितला विचारलं तर तो म्हणाला, "बाबांना घेऊन एसटीनं? नको आई. दिवाळीले मी येतो, गाडीनं नेतो दोघांलेही."

दुसऱ्या दिवशी चारच्या तासात त्या माझ्याकडे आल्या. सगळं ठरवून आल्या होत्या. सकाळी गणपतरावांना घेऊन रामटेकला जायचं, संध्याकाळपर्यंत परत. घड्याळ घरीच राहील. मोबाईलही घरीच, कारण दोघांत अंतर पडलं तर अंकितला कळेल.

"तुम्ही फक्त घरात बसा, ताई. आन् जमलं तं घड्याळ घेऊन जराशी फिरा. ठिपका हलला पाहिजे."

मी हो म्हटलं. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि एका क्षणात हो म्हटलं.

ऑटोमोटिव्ह चौकातून त्यांना साडेसातची एसटी मिळाली. मी त्यांच्या घरात जाऊन बसले. दहा वाजता ते घड्याळ पदराखाली धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "गणपतराव नाही दिसले आज?" मी म्हटलं, झोपलेत. घरात आल्यावर घड्याळ टेबलावर ठेवलं आणि लक्षात आलं की मी पाय न वाजवता चालते आहे. घशात खवखव होती, पण खोकले नाही. कुणी ऐकत असेल-नसेल, पण त्या काळ्या चौकोनासमोर मला श्वास घेणंसुद्धा जड झालं. तीन-चार तास मी तशी होते. प्रेमलताबाई आठ महिने तशा होत्या.

पाऊण वाजता माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. मी मागच्या अंगणात जाऊन घेतला. प्रेमलताबाई होत्या, भाच्याच्या फोनवरून.

"ताई, हे दिसून नाही राहिले."

बहिणीशी बोलत बसल्या होत्या. दोघी रडल्या, हसल्या. गणपतराव ओसरीवर शेंगा खात होते. पंधरा मिनिटांत ओसरी रिकामी. भाचा मोटरसायकलवरून शोधत होता, शेजारीही निघाले होते. अंबाळा तलाव जवळच होता.

मी फोन ठेवून आत आले तर टेबलावरचा त्यांचा मोबाईल वाजत होता. अंकित. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला.

"काकू? आई कुठं आहे?"

"आंघोळीला गेली आहे रे. मी सहज आले होते."

"आता? एक वाजता?"

"आज उशीर झाला तिला."

"बाबा?"

"झोपलेत."

"हो, ठिपका घरीच दिसून राहिला," तो निश्चिंत होऊन म्हणाला. "बरं झालं तुम्ही आहात, काकू."

त्याचे वडील त्या क्षणी रामटेकमध्ये कुठे आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठिपका मात्र माझ्यासमोर टेबलावर होता. मी खुर्चीत बसले ते अडीच तास उठले नाही. फोन करून सांगून टाकावं असं वीस वेळा वाटलं. सांगितलं तर तो पुण्याहून काय करणार, असंही वाटलं. आणि खरं कारण हेही होतं की मला भीती वाटत होती.

गणपतराव साडेतीनच्या सुमाराला सापडले. तलावाचा काठ, देवळाच्या पायऱ्या, धानाचे बांध, सगळं पालथं घालून झाल्यावर प्रेमलताबाईंना एकदम एसटी स्टँड सुचला. तिथे कडेला एक रिकामी बस उभी होती. तिच्यात पुढच्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर हात ठेवून ते बसले होते. कंडक्टरनं त्यांना दोनदा उतरायला सांगितलं होतं, पण ते म्हणाले होते, बाई डबा घेऊन येऊन राहिली.

प्रेमलताबाई दारातून चढल्या तेव्हा ते म्हणाले, "उशीर केला वं. गाडी सुटली असती न."

त्या तिथेच बसच्या पायरीवर बसल्या.

संध्याकाळी दोघे परत आले. मी चहा केला. प्रेमलताबाईंनी कप खाली ठेवला, सुईएवढी किल्ली घेतली आणि घड्याळ गणपतरावांच्या मनगटावर बांधलं. त्यांनी हात मागे घेतला तर तो धरून बांधलं. मी म्हटलं, "अंकितला काही कळलेलं नाही. सांगायची गरज नाही." घड्याळासमोरच म्हटलं, दमले होते इतकी.

"नाही ताई. मी सांगते. लपून ऐकणं त्याचं, लपून जाणं माहं. मंग फरक काय राहिला?"

आणि त्याच वेळी त्यांनी फोन लावून सगळं सांगितलं.

शनिवारी अंकित आला. मला अंगणातच भेटला. "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाला. मग ते दोघे माय-लेक अंगणात बसले. प्रेमलताबाईंनी मला जाऊ दिलं नाही. गणपतराव मध्ये खुर्चीवर.

"तलावात पडले असते तर?" अंकित म्हणाला.

"तर मी बी मागं गेली असती. तुले काय वाटते, मले नाही समजत?"

"मग काहून काढलं घड्याळ?"

"तू काहून ऐकलं?"

पस्तिशीचा माणूस, केस विरळ झालेले, तळहातानं गुडघे चोळत बसला. मग म्हणाला, "मले झोप लागत नाही वं आई तिकडं. मीटिंगमध्ये असलो तरी तो ठिपका पाहत राहतो. नोकरी सोडून येऊ शकत नाही, तुम्हाले तिकडं नेलं तर बाबा खिडकीतून निघतील. मी एकटा आहे. काय करू, सांग न तू."

प्रेमलताबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटतं, तोही आपल्यासारखाच बांधलेला आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यानं काही सुटका झाली नाही. पण त्या बोलल्या. "नकाशा पाह्य. ठिपका पाह्य, दिवसभर पाह्य. पण ऐकू नको. मी त्या दिवशी जे बोलली ते खोटं नव्हतं. पण ते तुह्यासाठी नव्हतं."

त्यानं मोबाईल काढून ऐकायची सोय त्यांच्यासमोर बंद केली. वर्तुळ थांब्याच्या पलीकडेपर्यंत वाढवलं. आठवड्यातून दोन दिवस काजल नावाची एक बाई गणपतरावांजवळ बसायला ठरवून दिली. ती असायची त्या दिवशी प्रेमलताबाई दोनदा रामटेकला जाऊन आल्या, एकट्या, मोबाईल घेऊन. चंद्रकलाबाई संक्रांतीनंतर वारल्या. त्या वेळी ह्या जवळ होत्या. तीन महिन्यांनी काजलला दवाखान्यात कायमची नोकरी लागली आणि तिच्या जागी कोणी मिळालं नाही.

घरातलं बोलणं थोडं परत आलं, पूर्वीसारखं नाही. त्या अजूनही मोठ्यानं रागवत नाहीत. गणपतरावांना काही सांगताना त्यांची नजर एकदा मनगटाकडे जातेच. सोय बंद आहे हे त्यांना माहीत आहे. सवय मात्र गेली नाही.

यंदा मे महिन्यात गणपतराव बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर पाय चालले नाहीत. आता ते पलंगावरच असतात. पाच वाजता डोळे उघडतात, डबा मागत नाहीत. हात इतका वाळला की घड्याळ पट्ट्यासकट कोपरापर्यंत सरकायचं, म्हणून जूनमध्ये ते काढून टाकलं. ते कुठे जाणारच नाहीत, तर ठिपका पाहायचा कशाला.

त्याच आठवड्यात अंकितचा फोन आला. "आई, आता तू घाल ते."

"मी?"

"तू एकटीच असतेस दिवसभर. रात्री उठतेस, बाबांना उचलतेस. तुले चक्कर आली, पडलीस, तर मले कसं कळेल? कुलूपबिलूप नको. बायकांसाठी वेगळं येते, हलकं. मी पाठवून राहिलो."

प्रेमलताबाई म्हणाल्या, "मी हरवली नाही अजून बाबू."

"हरवण्याचं नाही वं आई. काळजीचं आहे."

पार्सल आलं. जांभळ्या पट्ट्याचं, नाजूक, दिसायला सुरेख. त्यांनी डबा उघडून पाहिलं आणि परत बंद करून फ्रिजवर ठेवलं. घालणार नाही असं त्यांनी अंकितला सांगितलेलं नाही, घालते असंही नाही. दिवसातून तीन वेळा त्याचा फोन येतो, सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. उचलायला उशीर झाला तर लगेच माझ्या मोबाईलवर येतो. तो माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागला आहे, ते यामुळेच.

परवा रविवारी मी गेले तेव्हा त्या गणपतरावांना खिचडी भरवत होत्या. एक हात त्यांच्या मानेखाली, दुसऱ्या हातात चमचा. घास तोंडात गेला की गळ्यावरून बोट फिरवायचं, तेव्हा ते गिळतात. एका वाटीला तास लागतो. मोबाईल खिडकीत वाजायला लागला. त्यांनी मान वळवली नाही.

"उचलता का जरा, ताई? त्याले म्हणा, मी आहे इथंच."

मी फोन उचलला आणि तसं सांगितलं.